रोजा, गोळी आणि अमानत

रमजानचा चाँद दिसायला अजून तीन आठवडे होते, तेव्हा खालूंचा फोन आला. खालू म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. वय चौसष्ट, शुगर अठरा वर्षांची. तपासणीसाठी ते मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेले होते, जिथे डॉक्टर घडवले जातात आणि सकाळी सहापासून केस पेपरची रांग लागते, अशा ठिकाणी.

‘‘बेटा, डॉक्टरांनी दहा पानांचा कागद दिलाय. शुगरच्या गोळ्यांचा अभ्यास चाललाय म्हणतात, त्यात तुमचं नाव घालू का? सही मागतात. हे माझ्यावर प्रयोग तर करणार नाहीत ना?’’

मी काही बोलण्याआधीच त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘आणि रोजे धरणार आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर नकोच म्हणतील.’’

एकाच फोनमध्ये दोन अविश्वास होते. डॉक्टर आपल्याशी खरे बोलतील का, याचा एक. आणि आपण डॉक्टरांशी खरे बोललो तर आपले नुकसान होईल, याचा दुसरा. मी म्हणाले, ‘‘खालू, आज सही करू नका आणि नाहीही म्हणू नका. कागद घरी घेऊन या. आपण बसून वाचू.’’

त्या कागदाच्या निमित्ताने जे वाचले, आठवले आणि आम्ही दोघे बोललो, ते आज या पानावर मांडते आहे. रमजानच्या पानावर दवाखान्याची गोष्ट कशाला, असे कुणाला वाटेल. पण रोजा हा शरीराने करायचा इबादतीचा प्रकार आहे आणि शरीर ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, असे आम्ही मानतो. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती जपायची असते आणि तिचा हिशेबही द्यायचा असतो. रुग्णालयातले संशोधन शेवटी याच एका शब्दावर उभे आहे.

सहा बिछाने, एक वही

मोठ्या शिकवणीच्या रुग्णालयात तीन कामे एकाच वेळी चालतात. रुग्ण बरे करायचे, नवे डॉक्टर शिकवायचे आणि जे अजून कुणालाच नीट माहीत नाही ते शोधायचे. पहिली दोन कामे आपल्याला दिसतात. तिसरे दिसत नाही. निवासी डॉक्टर रुग्णाला दोन प्रश्न जास्तीचे विचारतो, एक जास्तीची नळी रक्त घेतो, वहीत काहीतरी लिहितो. आपल्याला वाटते, हा शिकतोय. बऱ्याचदा तो शिकतच असतो. पण कधी कधी त्या वहीतून सगळ्या जगाच्या उपचाराची दिशा बदलते.

प्रश्न साधा असतो. दोन औषधे आहेत, त्यातले कोणते बरे? एका डॉक्टरचा अनुभव सांगतो हे, दुसऱ्याचा सांगतो ते. खरे कळण्यासाठी सारख्या रुग्णांचे दोन गट करावे लागतात, एकाला हे औषध, दुसऱ्याला ते. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडायचे नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे. नाही तर डॉक्टर नकळत तब्येतीने बऱ्या रुग्णांना नवे औषध देईल आणि औषधच चांगले असल्याचा भास होईल. शक्य असेल तिथे कुणाला काय मिळाले हे रुग्णालाही सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत.

ही कल्पना आजची वाटते, पण तिचे एक जुने पाऊल बगदादच्या इस्पितळांत सापडते. अल-राझी हे नववे-दहावे शतक गाजवलेले हकीम. रय आणि बगदादच्या इस्पितळांचे ते प्रमुख होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे लक्षणांसह सविस्तर लिहिणारे त्यांचे पुस्तक पुढे युरोपातही वाचले गेले. त्यांच्या टिपणांत एक नोंद आहे. मेंदूच्या दाहाची पूर्वलक्षणे दिसणाऱ्या काही रुग्णांचे त्यांनी रक्त काढले, आणि दुसऱ्या काही रुग्णांना मुद्दाम तसेच ठेवले, म्हणजे रक्त काढण्याचा उपयोग होतो की नाही ते कळावे.

त्यांचा निष्कर्ष होता की उपयोग होतो. आज आपल्याला माहीत आहे की त्या आजारावर रक्त काढणे हा उपाय नव्हे. म्हणजे तुलना करायची कल्पना बरोबर, उत्तर मात्र चुकले. कदाचित दोन गटांतले रुग्ण सारखे नसतील, कदाचित संख्या थोडी असेल. एवढा मोठा हकीमही फसू शकतो, म्हणून तर चिठ्ठी टाकायची पद्धत पुढे आली. त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी इब्न सीना यांनी ‘कानून’ या ग्रंथात औषध तपासण्याचे नियम घातले. त्यातला एक फार शहाणपणाचा आहे: औषधाची परीक्षा माणसाच्याच शरीरावर झाली पाहिजे, कारण घोड्यावर किंवा सिंहावर दिसलेला परिणाम माणसावर दिसेलच असे नाही.

आणि इथेच अमानतीचा प्रश्न सुरू होतो. शेवटची परीक्षा माणसावरच व्हायची असेल, तर तो माणूस कोण? त्याला विचारले आहे का?

परळच्या वॉर्डातली सर्पगंधा

खालू कागद घेऊन आले तेव्हा त्यांनी पहिला टोला मारला. ‘‘आपल्या देशात कसलं संशोधन? औषधं तर बाहेरूनच येतात.’’ मी त्यांना सर्पगंधेची गोष्ट सांगितली.

सर्पगंधेची मुळी वैद्य आणि हकीम दोघेही पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. वेडाच्या झटक्यावर, झोप न येण्यावर. दिल्लीचे हकीम अजमल खान हे युनानी वैद्यकातले मोठे नाव आणि स्वातंत्र्यलढ्यातलेही. १९२१ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. दिल्लीत त्यांनी उभ्या केलेल्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. जुन्या औषधांची नव्या रसायनशास्त्राने तपासणी व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी हे काम सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवले. हकीमसाहेब १९२७ मध्ये गेले. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळीतून जी द्रव्ये वेगळी केली, त्यातल्या एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलिन’ असे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो, असे लिहिले.

पण लिहिणे वेगळे आणि वॉर्डात मोजून सिद्ध करणे वेगळे. ते काम मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात झाले. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की इथले डॉक्टर भारतीयच असतील. गोऱ्या साहेबाच्या राज्यात ही साधी अट नव्हती. तिथे डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयविकाराचे डॉक्टर होते. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन दाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्ये निबंध लिहिला. रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळजवळ नसण्याचा तो काळ. जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या भारतीय मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे झाले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे या औषधाने काही रुग्णांना खोल उदासी येते की काय, असे प्रश्न उभे राहिले आणि त्याहून चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. यात कमीपणा नाही. मोजत राहणे याचाच अर्थ कालचे उत्तर उद्या बदलण्याची तयारी ठेवणे.

वैद्यांची आणि हकिमांची मुळी, मुसलमान रसायनशास्त्रज्ञ, पारशी डॉक्टर, गुजराती शेटजींच्या देणगीचे रुग्णालय. आणि ते ५० रुग्ण? त्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. परळ-लालबागचे गिरणीकामगार त्यात असतील, कोकणातून आलेले असतील. जगाला रक्तदाबाचे औषध देण्यात त्यांचाही वाटा आहे.

विभाग वेगळे, प्रश्न एकच

हे फक्त हृदयविकाराच्या विभागात घडले असे नाही. त्याच के. ई. एम. मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण शस्त्रक्रिया करणाऱ्यांना बरेच शिकवून गेला. १९८६ मध्ये तिथल्याच स्त्रीरोग विभागात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून नळीतल्या गर्भधारणेचे बाळ जन्मले. औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातल्या औषधांना आधुनिक कसोट्या लावल्या आणि त्याविषयी सुंदर मराठीत लिहिलेही.

क्षयरोगाचे उदाहरण तर आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना पटेल. पूर्वी क्षय झाला की रुग्णाला मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामात ठेवत. चांगली हवा, अंडी-दूध, महिनोन्‌महिने विश्रांती. ज्याला ते परवडत नाही त्याने काय करायचे? १९५६ मध्ये मद्रासला चाचणी सुरू झाली. काही रुग्ण आरोग्यधामात, काही आपल्याच दाटीवाटीच्या घरी. औषधे दोन्हीकडे तीच. निकाल आला तेव्हा डॉक्टरही चकित झाले. घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि घरच्यांना त्यांच्यामुळे जास्त लागण झाली असेही दिसले नाही. आज क्षयाचा रुग्ण घरी बसून गोळ्या घेतो, त्यामागे मद्रासच्या त्या गरीब घरांतली माणसे आहेत.

पुण्यात ससून रुग्णालय आणि बी. जे. मेडिकल कॉलेजातल्या एचआयव्हीबाधित मातांनी अशाच एका अभ्यासात भाग घेतला. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईकडून लागण होऊ नये म्हणून बाळाला नेव्हिरापिनचा जन्मावेळचा एकच डोस पुरतो, की सहा आठवडे रोज द्यावे? इथिओपिया, युगांडा आणि भारतात मिळून हे तपासले गेले आणि २००८ मध्ये निकाल छापून आला. सहा आठवड्यांच्या वेळी लागणीचे प्रमाण एका डोसच्या गटात ५.३ टक्के होते, रोज औषध दिलेल्या गटात २.५ टक्के. सहा महिन्यांपर्यंत हा फरक पुष्कळ कमी झाला, म्हणजे औषध आणखी लांबवायला हवे हेही त्यातूनच सुचले. ज्या मातांना तेव्हा शेजारणीसुद्धा दारात उभ्या करत नसत, त्यांनी पुढच्या मातांसाठी हे करून ठेवले.

तुरुंग, प्लेग आणि आगाखान

खालू ऐकत होते, पण त्यांचा मूळ प्रश्न तसाच होता. ‘‘बेटा, चांगलं झालं ते तू सांगतेस. फसवलं नसेल का कुणाला?’’

फसवले आहे, आणि ते लपवून ठेवून विश्वास मिळत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून शेकडो गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश ‘अभ्यासला’ गेला. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो हे कळल्यावरही त्यांना ते दिले नाही. हे १९७२ पर्यंत चालले. आपल्याकडे २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा अभ्यास झाला. त्या काळातल्या मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही, असे चौकशीत म्हटले गेले. पण कितीतरी ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही घेतल्याचे उघड झाले आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

आणि आपल्या मुंबईचे जुने उदाहरण तर दोन्ही बाजू दाखवते. १८९६ मध्ये प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांना टोचली आणि न टोचलेल्यांशी तुलना केली. लस उपयोगी ठरली. पण तुरुंगातला माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा ते खरोखर त्याचे ‘हो’ असते का? आजच्या नियमांत कैदी हा दबावाखाली येऊ शकणारा माणूस मानला जातो आणि त्याच्यासाठी जास्तीचे संरक्षण लागते.

तुरुंगाबाहेरची मुंबई मात्र सुईला घाबरत होती. सरकारची माणसे घरात शिरत होती, रुग्णांना उचलून नेत होती. लोकांचा सरकारी डॉक्टरवर विश्वास उरला नव्हता. तेव्हा इस्माइली मुसलमानांचे तरुण इमाम, तिसरे आगाखान, पुढे झाले. वय विशीच्या आतबाहेर. त्यांनी हाफकिनला कामासाठी आपला बंगला दिला आणि लोकांदेखत स्वतः लस टोचून घेतली. मग त्यांच्या जमातीतली माणसे रांगेत उभी राहिली. एक रशियातून आलेला ज्यू शास्त्रज्ञ आणि एक मुसलमान धर्मगुरू. दोघांनी आधी स्वतःची बाही वर केली. विश्वास असा मिळतो.

तो टिकवणे त्याहून अवघड. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिनवर आला, त्यांचे काम गेले. तपासात दिसले की बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा वापरला होता. त्यांच्यावरचा ठपका १९०७ मध्ये दूर झाला. एका चिमट्याने १९ जीव घेतले आणि एका शास्त्रज्ञाची उमेद. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्या नावाने उभी आहे.

सही करण्याआधी

या सगळ्या चुकांतून नियम आले. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांतले प्रयोग उघड झाल्यावर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गची संहिता झाली. तिचे पहिलेच कलम असे की माणसाच्या स्वतःच्या इच्छेने दिलेल्या संमतीशिवाय काही करायचे नाही. आपल्या देशात नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. प्रत्येक चाचणी आधी नैतिकता समितीपुढे जाते. या समितीत किमान सात जण लागतात आणि निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे. त्यात एक तरी स्त्री, एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक. शिवाय समाजशास्त्र, स्वयंसेवी संस्था, नीतिशास्त्र किंवा धर्मशास्त्र यांपैकी कोणत्या तरी क्षेत्रातला एक जण. म्हणजे आपल्या मशिदीतले मौलाना किंवा एखादे कीर्तनकार महाराजही तिथे बसून विचारू शकतात, की गरिबाला कळेल असे हे लिहिले आहे का? याशिवाय चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ती कुणालाही फुकट पाहता येते.

खालूंच्या कागदातून आम्ही बोट ठेवून पाच प्रश्नांची उत्तरे शोधली. वाचकांपैकी कुणावर किंवा कुणाच्या घरच्यांवर ही वेळ आली, तर तेच विचारावे.

एक, हा अभ्यास कशाचा आहे आणि मी त्यात नसतो तर मला कोणता उपचार मिळाला असता? दोन, यात मला जास्तीचे काय करावे लागेल. किती वेळा रक्त, किती फेऱ्या, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? तीन, यात धोका काय, आणि औषधाने इजा झाली तर उपचार व भरपाई कोण देणार? नव्या औषधाच्या चाचणीत ही जबाबदारी चाचणी करवणाऱ्यावर असते. चार, माझी माहिती कोण पाहणार? पाच, मी ‘नाही’ म्हटले किंवा मध्येच सोडले तर माझा नेहमीचा उपचार थांबेल का? याचे उत्तर ‘थांबणार नाही’ असेच असले पाहिजे, आणि ते कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

संमतीपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागण्याचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून घ्यावे. घरी नेऊन विचार करायला वेळ मागावा. घाई करणाऱ्याला सांगावे, उद्या येतो.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वाचून खालू म्हणाले, ‘‘म्हणजे नाही म्हणायची मोकळीक आहे. मग हो म्हणायला हरकत नाही.’’

आणि रोजा?

आता दुसरा अविश्वास. तो आपल्या बाजूचा आहे.

अनेक वर्षे डॉक्टरांकडे रोज्याविषयी दोनच उत्तरे होती. एकजण म्हणे, ‘अजिबात नको’. दुसरा म्हणे, ‘धरा, काही होत नाही’. दोन्ही अंदाजाने. मग काही डॉक्टरांनी ठरवले की हेही मोजू. २००१ मध्ये मुसलमानांची मोठी वस्ती असलेल्या १३ देशांतल्या १२,२४३ मधुमेहींची माहिती गोळा केली. तिला ‘एपिडायर’ अभ्यास म्हणतात. त्यात दिसले की टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के आणि टाइप १ असलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ रोजे धरले होते. म्हणजे डॉक्टर ‘नको’ म्हणोत की न म्हणोत, माणसे रोजे धरतातच. आणि धोकाही खरा होता. शुगर एकदम उतरून दवाखान्यात दाखल व्हायचे प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत टाइप १ मध्ये सुमारे ४.७ पट आणि टाइप २ मध्ये ७.५ पट झाले होते.

या आकड्यांनी भाषा बदलली. ‘धरू नका’ च्या जागी ‘आधी येऊन भेटा’ आले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि रमजान-मधुमेहावर काम करणारे डॉक्टर यांनी मिळून २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. कोणाला किती धोका, हे आता गुण देऊन ठरवता येते: वय, मूत्रपिंडांची स्थिती, इन्सुलिन, पूर्वी शुगर उतरली होती का, काम अंगमेहनतीचे आहे का. रमजानच्या एक-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे, गोळ्यांची मात्रा आणि वेळ सहेरी-इफ्तारप्रमाणे बसवून घ्यावी. सहेरी उशिरात उशिरा करावी. बोटातून थेंबभर रक्त काढून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, यावर उलेमा आणि डॉक्टर यांचे एकमत आहे. शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, मग अजानला दहा मिनिटे उरली असली तरी.

यात धर्माच्या विरुद्ध काही नाही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोज्याचा हुकूम ज्या ठिकाणी आहे, त्याच ठिकाणी आजारी आणि प्रवासी माणसाला सवलतही आहे. त्याने नंतरच्या दिवसांत रोजे भरून काढावेत. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे. याला फिद्या म्हणतात. हिंदू घरांतही आजारी माणसाने एकादशी नाही धरली तर विठोबा रागावत नाही, असे आजी सांगते. गोष्ट तीच.

पण हे सारे तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा रुग्ण खरे सांगतो. खालू रोजा लपवून त्या अभ्यासात गेले असते तर काय झाले असते? सकाळची गोळी घेऊन तेरा-चौदा तास उपाशी. शुगर उतरली असती. चक्कर आली असती, पडले असते. डॉक्टरांनी वहीत लिहिले असते, ‘या औषधाने शुगर फार उतरते’. किंवा खालूंनी गोळीच टाळली असती आणि वहीत लिहिले गेले असते, ‘या औषधाने काही फरक पडत नाही’. दोन्ही खोटे, आणि त्या खोट्यावर पुढच्या हजारो माणसांचे उपचार ठरले असते. डॉक्टरने रुग्णाला फसवू नये ही जशी अमानत, तशी रुग्णाने डॉक्टरला फसवू नये हीही अमानतच.

आणि डॉक्टरांसाठीही एक गोष्ट. अभ्यास आखताना ‘तुम्ही उपवास धरता का, रोजे धरता का’ हा प्रश्न पहिल्याच पानावर असावा. रोजे, एकादशी, नवरात्र, जैनांचे पर्युषण. या देशात वर्षभर कुणी ना कुणी उपाशी असतो. त्याला सरळ वगळले तर अभ्यास सोपा होतो, पण उत्तर त्याच्या कामाचे राहत नाही. आणि प्रश्न विचारताना आवाजात रागावणे नसावे. रागाच्या भीतीनेच माणसे लपवतात.

खालूंची सही

पुढच्या आठवड्यात मी खालूंसोबत मुंबईला गेले. ओपीडीत तीन तास बसल्यावर नंबर लागला. निवासी डॉक्टर असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची. डोळ्यांत रात्रपाळीची झोप. खालूंनी घसा साफ केला आणि सगळे सांगून टाकले. चाळीस वर्षे एकही रोजा सोडलेला नाही, यंदाही धरायचे आहेत, आणि हो, गेल्या महिन्यात दोनदा पहाटे घाम फुटून हातपाय थरथरले होते, तेही सांगितले नव्हते.

ती रागावली नाही. तिने सगळे लिहून घेतले, मूत्रपिंडाचा रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि म्हणाली, ‘‘चाचा, तुम्हाला अभ्यासात घेता येईल. पण यंदा रोजे नकोत. शुगर दोनदा उतरली आहे, किडनी थोडी थकली आहे. तुम्ही धरलेत तर मी तुम्हाला थांबवू शकणार नाही. पण मला सांगून धरा.’’

येताना एसटीत खालू बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. खोपोलीच्या घाटात म्हणाले, ‘‘सहेरीला सगळे उठतील आणि मी झोपून राहू?’’ मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी ते मौलानांकडे गेले. मौलाना म्हणाले, ज्याने हुकूम दिला त्यानेच सवलत दिली, ती नाकारणे हा अदब नव्हे.

आता रमजानचे अर्धे दिवस सरलेत. खालू रोज पहाटे सगळ्यांसोबत उठतात, सहेरीची दस्तरखान तेच अंथरतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला थोडा नाश्ता करून गोळी घेतात आणि शुगर तपासून वहीत आकडा लिहितात. तीस दिवसांचा फिद्या त्यांनी आधीच काढून ठेवलाय. संध्याकाळी मशिदीत इफ्तारच्या ताटल्यांत खजूर आणि कलिंगडाच्या फोडी मांडायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.

परवा मी वही चाळली. तारीख, वेळ, आकडा. एकही दिवस रिकामा नाही. मी म्हणाले, ‘‘खालू, फारच मन लावून लिहिताय.’’

‘‘लिहायलाच पाहिजे,’’ ते म्हणाले. ‘‘हा हिशेब माझ्या एकट्याचा नाही. उद्या कुणा दुसऱ्याचा रोजा यावर ठरेल.’’

ईद जवळ येते आहे. सर्व वाचकांना, त्यांच्या घरातल्या आजारी माणसांना आणि रात्रपाळीच्या सगळ्या डॉक्टर-नर्सना रमजान मुबारक.